बिनविरोध निवडून आलेलं गाणं

जगात कुठल्या देशात या आठवड्याला कुठलं गाणं पहिलं आहे, हे आमच्या गावात एकट्या मला ठाऊक असायचं, आणि त्याचा मला लई तोरा होता. आता हसू येतं. पण तेव्हा मी अठरा-एकोणीस वर्षांची. मॅट्रिक झालेली, पुढं शिकायला घरात सोय नाही, आणि तोंड असं तिखट की माय म्हणायची, "हिच्या सासूची आत्तापासनंच कीव येती मला." अशा पोरीला रिकामं बसवलं की काहीतरी नाद लागणारच. बाकीच्या पोरींना भरतकामाचा लागला, मला गाण्यांच्या नंबरांचा लागला.

लागला तो आबांमुळं. आबा म्हणजे माझे वडील, गावच्या बँडचे मास्तर. नऊ माणसांचा बँड, सगळे आमच्याच भावकीतले. आजोबांनी छप्पन साली बुद्धाची दीक्षा घेतली तेव्हा गावकीची हलगी खाली ठेवली ती कायमची. आबा पुढं सोलापुरात एका बँडवाल्याच्या हाताखाली राहून क्लारनेट शिकले आणि घरी येऊन म्हणाले, "वाजवायचं, पण सुपारी घेऊन. कुणी बोलावलं तर जायचं, हुकूम केला तर न्हाय." वरातीचं काम ठरलं की त्याला सुपारी म्हणायचे. आजोबा आधी रुसले. मग लाल कोट शिवून आले, तेव्हा तेच पितळी बटणं राखेनं घासत बसले.

वरातीत पोरं नवं गाणं मागायची. आता नवं म्हणजे किती नवं? आमच्याकडं तंबूतला सिनेमा यायचा तो शहरात शिळा होऊन. तालुक्याच्या बँडवाल्यांकडं रेकॉर्ड वाजवायचं यंत्र होतं. ते चार वेळा रेकॉर्ड लावायचे आणि पाचव्या वेळी गाणं वाजवायचे. आमच्याकडं होता एक रेडिओ, त्याची तार लिंबाच्या फांदीला बांधलेली. सेल मंदावले की माय ते पत्र्यावर उन्हात वाळत टाकायची, पापडाच्या शेजारी.

आबा मला म्हणाले, "तुला लिवता येतंय, तर लिव. कंचं गाणं वर चढालंय, कंचं खाली उतरालंय, बघून ठेव. खामखा उतरतं गाणं शिकण्यात आमची हयात चालली."

सुरुवात लंकेपासून झाली. लंकेचं स्टेशन आठवड्यातून एकदा गाण्यांचे नंबर सांगायचं, तेव्हा अख्खी आळी आमच्या ओट्यावर. पण मला कुठं तेवढ्यावर चैन! दिवेलागणीला रेडिओचा काटा फिरवत बसले की कुठं कराची लागायची, कुठं काठमांडू, कुठं तेहरान, कुठं लंडन. सगळेच आपापल्या देशातली पहिली, दुसरी, तिसरी गाणी सांगायचे. मी प्रत्येक देशाची वेगळी यादी करायला लागले. लंडनवाले तर कधी कधी वीस वर्षांपूर्वीचे नंबरसुद्धा सांगायचे. मला ते फार आवडायचं. मेलेल्या गाण्यांचीही कुणीतरी विचारपूस करतंय, असं वाटायचं.

अडचण एकच, आकडे ऐकून ऐकून ओळखू यायचे, पण भाषा कळायची नाही. इंग्रजी मॅट्रिकपुरतं, फारशीचा तर गंध नाही. मग गाण्याचं नाव काय लिहायचं? मी माझीच नावं ठेवली. एक होतं 'दार वाजवणारं', एक 'तीन बायकांचं', एक 'भांडण'. तेहरानचा एक गायक होता, तो गाताना इतका कळवळायचा की मी त्याला 'दाढदुखी' लिहिलं होतं. आठ-नऊ आठवडे दाढदुखी पहिल्या नंबरावर होती. काका रोज विचारायचे, "काय गं, उतरली का त्येची दाढ?" काका म्हणजे आबांचे धाकटे भाऊ, बँडमधला मोठा ढोल त्यांचा. अंगानं ढोलाएवढेच.

बाहेरच्या देशांचं जमलं, तसा मला आणखी चेव आला. म्हटलं, तेहरानचा हिशोब लागतो, मग आपल्या गावानंच काय घोडं मारलंय? आबांच्या मागं लागले, "मागच्या सालांचं सांगा. कुठल्या साली कुठलं गाणं जास्त मागितलं लोकांनी?" आबांना साल आकड्यानं आठवायचं नाही, लग्नसराईनं आठवायचं. "सोनारीच्या यात्रेत पाऊस झाला त्या साली हे." "येडशीच्या स्टेशनमास्तरच्या पोरीचं लगीन झालं त्या साली ते." बहात्तरच्या दुष्काळाचं विचारलं तर म्हणाले, "त्या साली खडी फोडायच्या कामावरच लग्नं लागली. वरात पन्नास पावलांची. सरकारनं वाटलेल्या सुकडीचं जेवान. पण गाणं मातर सगळ्यात नाचरं मागायची लोकं. मरगळलेलं वाजवलं की हाणायला उठायची." असं करत मी आमच्या गावाची वीस वर्षांची यादी केली. लंडनसारखीच. मला तर वाटायचं, रेडिओवाल्यांनी आता मला घ्यायला मोटार पाठवावी.

मोटार काही आली नाही. दुष्काळ आला पुन्हा.

बहात्तरच्या मागून पाच-सहा वर्षांनी परत एकदा पावसानं पाठ फिरवली. विहिरी तळाला गेल्या. लोकांनी लग्नं पुढं ढकलली, नाहीतर नोंदणी करून चहावर उरकली. बँडला सुपारी नाही म्हणजे नऊ घरांत चूल धड नाही. एक जण म्हणायला लागला, मी मुंबईला जातो. दुसरा म्हणाला, मी तेरखेड्याला फटाक्यांच्या कामावर बघतो. एकदा माणसं पांगली की बँड परत उभा राहत नाही, हे आबांना पक्कं माहीत होतं. फुंकायचा नवा मोठा पितळी बाजा विकत मिळतो, पण तो मोठा बाजा वाजवणारा माणूस मिळत नाही. आबांनी बोलणंच कमी केलं. नुसतं क्लारनेट पुसत बसायचे. मला ते बघवायचं नाही, आणि बघवत नाही म्हणून मी उगाच सगळ्यांवर खेकसायची.

तेवढ्यात बातमी आली. आमच्या भागात सहकारी साखर कारखाना उभा राहत होता. आता पाणी प्यायला नाही आणि ऊस कुठनं आणणार, हे विचारायचं नाही. आमच्याकडं लोक म्हणायचे, "कारखाना आधी, पाणी मागनं." तर त्या कारखान्याच्या चेअरमनना हौस की आपल्या कारखान्याचा स्वतःचा बँड पाहिजे. बँडमधली माणसं कारखान्यात कामाला घ्यायची, कायमची, आणि गाळपाची पहिली मोळी टाकायच्या दिवशी, झेंडावंदनाला, पाहुणे आले की त्यांनीच वाजवायचं. आबा एकटेच सायकल मारत कारखान्याच्या ऑफिसात जाऊन आले. आले ते घामानं निथळत, पण डोळ्यांत जरा जीव होता.

"दोन बँड बोलावलेत," त्यांनी सगळ्यांना ओट्यावर बसवून सांगितलं. "एक तालुक्याचा, एक आपला. बॉयलर पेटवायच्या दिवशी सभासदांच्या म्होरं वाजवायचं. ज्येचं पसंत पडंल त्येचा बँड. नऊ घरं बसून खातेत का पांगतेत, त्या दिवशी ठरंल."

काका म्हणाले, "तालुक्याच्या म्होरं आपुन काय वाजवावं? आपण जे वाजवू ते त्येंनी आधीच घोटून ठेवलेलं."

आबांनी माझ्याकडं पाहिलं. "त्येंच्याकडं न्हाय असं काहीतरी हिच्याकडं हाय. सगळ्या देशांत जे गाणं वर हाय, असं एक काढ, बाई. पाच देशांनी पसंत केलंय म्हणल्यावर आपल्या लोकांना का पसंत पडणार न्हाय?"

माझी छाती अशी फुगली! मी याद्या घेऊन आले आणि तिथंच घोटाळा झाला. लंकेचं पहिलं गाणं कराचीला माहीत नाही. कराचीचं पहिलं काठमांडूला नाही. तेहरानात दाढदुखी, तर लंडनला 'भांडण'. एक देश दुसऱ्याचं ऐकेल तर शपथ.

आणि मग आमच्या माणसांनी जे केलं, ते आमच्याच भागातली माणसं करू जाणोत. त्या काळात आमच्याकडं दूध संस्था, सोसायटी, कारखाना, जे काही होतं ते निवडणुकीनं. माणसं झोपेत सुद्धा ठराव मांडायची. काका उठून उभे राहिले आणि म्हणाले, "मग मतदान घ्या. पाच देश म्हणजे पाच संचालक. एकेकानं एकेक देश घ्या."

मला हसू आवरेना, पण माणसं गंभीर. काकांनी लंका घेतली. ताशावाला झाला कराची. झांजवाल्याच्या वाट्याला काठमांडू आलं तर तो रुसला, मला लंडनच पाहिजे. शेवटी त्याला लंडन दिलं, आणि काठमांडू मोठ्या बाज्यावाल्याला. तेहरान घ्यायला कुणीच तयार होईना. मग मायच चुलीपाशून म्हणाली, "द्या मला. कुणीच घेईना तर बिचाऱ्या त्या दाढदुखीवाल्याला मी सांभाळते."

लंकेनं आपलं पहिलं गाणं मांडलं. कराचीनं नामंजूर केलं. कराचीनं मांडलेलं लंकेनं पाडलं. लंडन तटस्थ. तेहराननं दाढदुखी मांडली तेव्हा सगळ्यांनी एका आवाजात विरोध केला आणि माय रागारागानं भाकरी थापायला गेली. भांडण एवढं वाढलं की शेजारच्यांना वाटलं, भावकीत वाटणीचा तंटा लागला. शेवटी आबा म्हणाले, "अशानं निकाल लागायचा न्हाय. ज्येला कुणाचाच विरोध न्हाय असं गाणं बघा. बिनविरोध."

मी पुन्हा याद्या चाळल्या. एक गाणं होतं, कुठंच पहिलं नाही, पण सगळीकडं होतं. कुठं तिसरं, कुठं चौथं, कुठं सहावं. शब्द थोडे, मध्येच कुणीतरी मजेत शिट्टी वाजवत चाललाय असा तुकडा. मी त्याला 'शिट्टीवालं' लिहिलं होतं. कुठल्या भाषेतलं, देव जाणे. ते नाव घेतलं तर कुणी नाही म्हणालं नाही. कुणी हो पण म्हणालं नाही, पण आमच्याकडं बिनविरोध म्हणजे तसंच असतं.

"झालं. निवडून आलं," आबा म्हणाले आणि काकांनी ढोलावर एक थाप मारून गुलाल उधळल्यासारखे हात केले.

मग दोन महिने तालीम. दिवेलागणीला शिट्टीवालं कुठं लागतंय हे मी शोधायचं, आणि लागलं की ओट्यावर नऊ जण कान लावून बसायचे. काटा जरा इकडं-तिकडं झाला की ते हरवायचं, म्हणून मी रेडिओला कुणाला हात लावू द्यायची नाही. लहरींवरचा आवाज कधी एका जागी राहत नाही. मध्येच गाणं विहिरीत गेल्यासारखं बारीक व्हायचं, मग सावकाश वर यायचं, मग पुन्हा खाली. आम्ही ते गाणं पहिल्यांदा ऐकलं तेव्हापासून असंच ऐकलेलं. सगळ्या स्टेशनांवर असंच. मग आम्हाला काय वाटणार? आम्हाला वाटलं, गाणंच तसं आहे.

आबा तर खूश झाले. "बघितलं का, केवढा कलावंत माणूस हाय ह्यो," ते म्हणाले. "जोरात वाजवणं सोपं. असं बसवत न्यायचं आन् परत उचलून आणायचं, ह्येला म्हणतेत काम." नऊ माणसांना एकदम आवाज बसवायला शिकवणं म्हणजे नऊ बैल एकदम खाली बसवणं. ढोल बसला तर ताशा बसायचा नाही. ताशा बसला तर झांजवाला नेमका तेव्हाच झणकारायचा. मी समोर हातानं खुणा करायची. हात खाली केला की आवाज खाली, वर केला की वर. चुकलं की मी काय बोलायची ते आता लिहिणं बरं नाही. काकांना एकदा म्हणाले, "काका, ढोल वाजवताय का जोंधळं बडवताय?" काका म्हणाले, "वहिनी, ह्या पोरीला लौकर उजवा, न्हायतर आमीच घर सोडतो."

एक गोष्ट मला खटकायची. आबा वरचा सूर आपल्याकडं ठेवायचे नाहीत. दुसरं क्लारनेट माझ्या चुलतभावाचं होतं, त्यालाच पुढं करायचे, आणि आपण त्याच्या शेजारी उभं राहून बोटांकडं बघत राहायचे. मी म्हटलं, "तुम्ही वाजवा की, आबा. त्याला तुमच्यासारखं येतंय का?" ते म्हणाले, "येईना तर शिकंल. त्येचा दम तरणा हाय." मला वाटलं, वय झालं, दमत असतील.

बॉयलर पेटवायचा दिवस आला. कारखान्याच्या पटांगणात मंडप, दूरदूरचे सभासद फेटे बांधून बैलगाड्यांनी, ट्रॅक्टरनं आलेले. तेरखेड्याचे फटाके आणलेले. आमचे नऊ जण लाल कोट घालून एका बाजूला उभे, कोट ढगळ झालेले, कारण माणसं त्या साली वाळली होती. तालुक्याचा बँड समोर. त्यांचे कोट निळे, नवे, खांद्यावर सोनेरी झालर. मी बायकांच्या बाजूला, पण मनानं सगळी लाल कोटांत.

आणि कार्यक्रम सुरू व्हायच्या आधी लाउडस्पीकरवाल्यानं वेळ घालवायला एक रेकॉर्ड लावली. मी सुरुवातीचे सूर ऐकले आणि ताडकन उभी राहिले.

शिट्टीवालं!

आणि ते सरळ होतं. पहिल्यापासून शेवटपर्यंत एका आवाजात, खणखणीत. कुठं बसत नव्हतं, कुठं उठत नव्हतं. कुणी विहिरीत जात नव्हतं. दोन महिने आम्ही जे घोटत होतो, ते गाण्यात नव्हतंच. ते हवेत होतं.

मी मंडपाच्या कडेनं पळत आबांकडं गेले. नऊही तोंडं उतरलेली. काकांनी मला पाहिलं आणि म्हणाले, "पोरी, तुझ्या पाची देशांनी मिळून बुडिवलं गं आपल्याला."

"आबा, दुसरं वाजवा," मी म्हणाले. मला रडू यायला लागलं होतं. "वरातीतलं वाजवा, कुठलं पण वाजवा. लोक हसतील आपल्याला."

आबा डोळे मिटून ती रेकॉर्ड ऐकत होते. संपली तेव्हा म्हणाले, "चांगलं हाय. सरळ बी चांगलं हाय." मग माझ्याकडं वळले. "दोन म्हैने बोटांना जे शिकवलं, ते बोटं घटकाभरात विसरत न्हाईत. आता बदलायला गेलो तर ह्ये बी न्हाय आन् ते बी न्हाय. आपल्याकडं ते जसं आलं तसंच वाजवायचं."

तालुक्याचा बँड आधी वाजला. खोटं कशाला बोलू, फार छान वाजला. एक सूर इकडचा तिकडं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, चेअरमननी मान डोलवली. मला त्या निळ्या कोटांचा इतका राग आला की बस.

मग आमचे उभे राहिले. चुलतभावानं सूर धरला, ताशा लागला, गाणं चाललं. आणि पहिल्यांदा आवाज बसवायची जागा आली. नऊ जणांनी तो असा बसवला, असा बसवला, की शेवटी नुसती झांज टिपटिप ऐकू यावी. पटांगणात शांतता. चेअरमननी शेजारच्याला काहीतरी विचारलं. धरणीनं पोटात घ्यावं असं मला झालं.

तेवढ्यात पुढं बसलेला एक फेटेवाला म्हातारा ओरडला, "आरं, काटा सरकला रं! नीट लावा की!"

आणि अख्खं पटांगण फुटलं! हसण्याचा असा लोट आला की मंडपाचे बांबू हलले म्हणा ना. त्या सगळ्या माणसांकडं तसलेच रेडिओ होते. सगळ्यांनी तसंच ऐकलं होतं आयुष्यभर. गाणी, बातम्या, भाव, सगळं. आवाज वर यायला लागला तसे लोक ओरडायला लागले, "आलं! आलं! आलं!" पुन्हा बसला की, "गेलं... गेलं..." कुणी हवेत काटा फिरवतंय, कुणी शेजाऱ्याला म्हणतंय, "सेल वाळवले न्हाईत वाटतं." काकांना तर चेव चढला. आवाज बसला तेव्हा त्यांनी, आपण बंद पडलेल्या रेडिओच्या कुशीत थापड मारतो ना, तशी ढोलाच्या अंगावर एक सणसणीत थापड मारली, आणि त्याच क्षणाला सगळा बँड एकदम उसळून वर आला. हे शिकवलेलं नव्हतं. कसं जमलं, कुणाला विचारू? बायका सुद्धा पदर तोंडाला लावून खिदळत होत्या. आबांना वाजवता वाजवता हसू फुटलं आणि त्यांच्या क्लारनेटमधून अशी एक शिट्टी निघाली की ती गाण्यात असायलाच पाहिजे होती.

लोकांनी तेच गाणं तीनदा वाजवायला लावलं. तालुक्याचे मास्तर स्वतः येऊन आबांच्या गळ्यात पडले. चेअरमन मुरलेला माणूस. त्यांच्या मनात काय होतं ते त्यांनाच माहीत, पण समोरची गर्दी बघून त्यांनी माइक घेतला आणि विचारलं, "सभासद बंधूंनो, लाल कोट का निळा कोट? लालवाल्यांनी हात वर करावेत." हातांचं रान उठलं. निळ्याचं विचारायची गरजच पडली नाही.

परत येताना बैलगाडीत नऊ जण एकाच वेळी बोलत होते. मुंबईला निघालेला म्हणत होता, मी कुठं जाणार होतो, मी आपलं बोललो. काका मला म्हणाले, "तुझ्या पाची देशांना सांग, लई उपकार झाले." मायनं त्या दिवशी गूळ घालून शिरा केला, आणि भांडं घेऊन नऊ घरांत स्वतः वाटून आली. आबा ओट्यावर बसून होते. मी जवळ गेले तर नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "बँड टिकला, बाई." इतके सुखी ते मला कधीच दिसले नव्हते.

आठ-दहा दिवसांनी सगळ्यांना कामावर बोलावलं. आबा मला पण चल म्हणाले. मला वाटलं, सगळे निघालेत तर कौतुकानं नेत असतील. नवी साडी नेसले. कारखान्याच्या गेटवर एक साहेब कागद घेऊन उभे होते. एकेक नाव वाचायचे, माणूस आत जायचा. काका गेले. ताशा गेला, झांज गेली, मोठा बाजा गेला, चुलतभाऊ गेला. आठ जण आत गेले. नववं नाव वाचलं ते माझं.

मला कळेचना. मी म्हटलं, "साहेब, चुकलं तुमचं. माझं नाही, वडिलांचं असेल. मास्तर ते आहेत."

साहेब म्हणाले, "मास्तरांना पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की. कायमच्या नोकरीत पंचेचाळिशीच्या वरचा माणूस घेता येत नाही. त्यांनीच विचारलं, मग माझ्या जागी घरातलं कुणी चालेल का. तुम्ही मॅट्रिक आहात ना? हजेरी ऑफिसात जागा आहे."

पहिल्याच दिवशी. म्हणजे सायकल मारत आले होते तेव्हा. म्हणजे दोन महिने तालमी घेतल्या, भांडणं सोडवली, आवाज बसवायला शिकवला, वरचा सूर दुसऱ्याच्या हातात दिला, ते सगळं हे ठाऊक असताना. आणि कुणाला, मायला सुद्धा, एका शब्दानं बोलले नव्हते.

मी तिथंच, गेटवर, लोकांसमोर त्यांच्यावर ओरडले. "मला नको ही नोकरी. तुमचा बँड आहे. तुमच्यावाचून कसला बँड? मी नाही जाणार आत." आणि बरंच काही बोलले. आबांनी सगळं ऐकून घेतलं. त्यांचा चेहरा जराही पडलेला नव्हता. हसलेच ते.

"मी बँड टिकावा म्हणलो होतो," ते म्हणाले. "मी टिकावा असं कवा म्हणलो? जा आता. पहिल्याच दिवशी उशीर करू नगं."

मी गेले. दहा-बारा पावलांवर आठ लाल कोट माझ्यासाठी थांबले होते. मागून आबांचा आवाज आला, वरात निघताना द्यायचे तसा, मोठ्यानं.

"नऊच्या नऊ हायेत न्हवं?"

कुणीतरी उत्तर द्यायला पाहिजे होतं. काकांनी मान खाली घातली. मग मीच वळून ओरडले, "हायेत, आबा! नऊच्या नऊ!" आणि मला हुंदका फुटला.